चर्चा: खाण्यासाठी उत्तर इटली, आणि गाडी हवीच

रानपाखरू

दिवाळीच्या सुट्टीत उत्तर इटलीत जायचं ठरतंय. व्हेनिस आणि लेक कोमो मुद्दाम वगळलं आहे. आम्हाला खायला जायचं आहे, आणि माझं ठाम मत आहे की त्यासाठी गाडीच घ्यावी.

मिलानला उतरायचं आणि पियाचेन्झापाशी व्हिया एमिलिया गाठायची. मार्कुस एमिलियुस लेपिदुस या रोमन कॉन्सलनं इ.स.पू. 187 मध्ये बांधलेला हा रस्ता रिमिनीपर्यंत जवळजवळ सरळ जातो. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना, बोलोन्या ही सगळी शहरं त्याच्यावरच वसली आहेत. परतीला मांतोव्हा आणि क्रेमोना.

पण ज्यासाठी ही शहरं ओळखली जातात ते पदार्थ शहरात बनत नाहीत. पार्माचं हॅम लांगिरानोच्या टेकड्यांत वाळतं. कुलातेल्लो हे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस पो नदीकाठी झिबेल्लोच्या धुक्यात मुरतं. पार्मिजानो चीजच्या डेअऱ्या शेतांमध्ये आहेत. रेल्वेनं गेलं तर हे सगळं दुकानाच्या काचेतून बघावं लागेल. घरात एकमत नाही, म्हणून इथे विचारते. विरोधी मतं जरूर द्या.

लोहमार्गी

ताई, तुम्ही सांगितलेल्या पियाचेन्झा ते बोलोन्या या प्रत्येक शहरात स्टेशन आहे, आणि तेही एकाच मार्गावर. बोलोन्याहून मोदेना लोकलनं अर्ध्या तासाच्या आत, पार्मा साधारण तासाभरात. बोलोन्यात एक खोली घ्या, रोज सकाळी निघा, रात्री परत या. सामान उचलायला नको, पार्किंग शोधायला नको.

गाडीचं दुखणं वेगळंच आहे. जवळजवळ प्रत्येक जुन्या शहराच्या मध्यभागी झेडटीएल असतो, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी. अडवायला कोणी उभं नसतं, कॅमेरा नंबर टिपतो. दंडाची नोटीस काही महिन्यांनी थेट घरी येते, आणि तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल भाड्याच्या गाडीवाले वेगळे पैसे कापतात.

आणि वाइनचं काय? चालकाच्या रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. लायसन मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्यच. मोदेनात बसून लाम्ब्रुस्को न पिता जेवायचं असेल तर एवढ्या लांब जायचं कशाला?

रानपाखरू

झेडटीएल जुन्या गावापुरता असतो. बाहेर गाडी लावून चालत जाता येतं. वाइन संध्याकाळी, मुक्कामाच्या जागी. सकाळी आठला शेतातल्या डेअरीत लोकलनं कसं पोचायचं, याचं उत्तर मात्र तुम्ही दिलं नाहीत.

पोकाठची

मी रेज्जोजवळ राहते, म्हणून राहवलं नाही. सकाळचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर उथळ भांड्यांत ठेवतात, वर आलेली साय काढतात आणि सकाळचं ताजं दूध त्यात मिसळतात. उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या कढयांत ते तापवतात. त्यात आदल्या दिवसाची आंबवलेली निवळी आणि रेनेट पडलं की काही मिनिटांत दूध धरतं. ते फोडून पुन्हा तापवतात. तळाशी बसलेला गोळा कापडात उचलून दोन तुकडे करतात, म्हणजे एका कढईतून चीजची दोन चाकं. एका चाकाला साधारण 550 लिटर दूध लागतं आणि ते चाळीस किलोच्या आसपास भरतं. हे सगळं सकाळीच होतं. अकराला पोचलात तर धुतलेली फरशी बघाल. मग चाकं मिठाच्या पाण्यात आणि तिथून कमीत कमी बारा महिने फळ्यांवर. त्यानंतर तपासनीस छोट्या हातोडीनं ठोकून आवाजावरून आतली पोकळी ओळखतो. ते गोदाम बघितल्याशिवाय जाऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी इथल्या जाहिरातींत क्वचित दिसते. या भागातल्या गोठ्यांत पंजाबहून आलेली शीख माणसं मोठ्या संख्येनं काम करतात. इथून जवळच नोव्हेल्लाराला 2000 पासून मोठा गुरुद्वारा आहे. ज्या चीजचं आपण एवढं कौतुक करतो त्याच्या दुधामागे बऱ्याच ठिकाणी आपल्याच देशातल्या माणसांची पहाट आहे. तिथे नक्की जा, लंगरमध्ये जेवा.

पण ताई, तुमची यादी मला पटत नाही. रोज एक शहर म्हणजे रोज बॅगा भरणं. इथे दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, नंतर स्वयंपाकघर बंद, ते थेट साडेसात-आठला उघडतं. आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी. रस्त्यात उशीर झाला की जेवण हुकलं. रेज्जो आणि मोदेनाच्या मध्ये एखाद्या शेतघरात राहा आणि तिथूनच फिरा.

ताकभात

मला या सगळ्याच योजनेबद्दल शंका आहे. सोबत शाकाहारी कोणी आहे का? असेल तर हा भाग निवडूच नका. पार्मिजानोत वासराच्या जठरातलं रेनेट असतं आणि ते नियमानंच बंधनकारक आहे. गोर्गोन्झोला आणि तालेज्जो या चीजचीही तीच गत. मोदेनाचं टम्म फुगलेलं न्योक्को फ्रित्तो पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत तळतात. पियादिना वरून साधी पोळी वाटते, पण तिच्याही पिठात चरबी असते. रेज्जोचा पालेभाजीचा एर्बात्सोने, त्यातही चरबी. तोर्तेल्लिनी या सारण भरलेल्या पास्त्याच्या पोटात तर डुकराचंच मांस. शाकाहारी माणसाला तिथे नेऊन रोज सॅलड खायला लावणं मला बरोबर वाटत नाही.

त्यापेक्षा लिगुरियात जा. जेनोव्हाची फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, रुंद तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत. पिठल्यावर वाढलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही.

सह्यकडा

ताकभात, एवढं टोकाचं कशाला? मांतोव्हाचे तोर्तेल्ली दि झुक्का आहेत ना. लाल भोपळा, कडू बदामाची बिस्किटं आणि मोहरीच्या अर्काचा झणका असलेला फळांचा मोस्तार्दा, सगळं एका घासात. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे भोपळ्याचाच हंगाम. पार्माचे रिकोटा आणि पालेभाजीचे तोर्तेल्लीही आहेत. एखाद्याच्या शाकाहारासाठी अख्खा प्रदेश बाद करू नये.

ताकभात

दोन्हींच्या सारणात पार्मिजानो घालतात. भोपळ्याच्या सारणातसुद्धा. म्हणूनच हा मुद्दा आधी स्पष्ट करायला सांगतोय.

रानपाखरू

सासूबाई शाकाहारी आहेत. त्यांच्याशी आज बोलले. अंडं त्यांना चालतं, पण रेनेटचं समजल्यावर ते चीज खाणार नाही म्हणाल्या. त्यांना न सांगता खाऊ घालणं माझ्याच्यानं होणार नाही. तरी डेअरी त्यांना बघायची आहे. गावी घरी म्हशी होत्या, दुधाचं काहीही त्यांना बघायला आवडतं. ताकभात, माहिती मोलाची आहे, पण "नेऊच नका" हे मान्य नाही. शेतघरात स्वयंपाकघर मिळालं तर बाजारातल्या भाज्या, पोलेन्ता (मक्याच्या पिठाची लापशी) आणि रानातले पोर्चिनी मश्रूम मी स्वतः करेन. त्यासाठीही गाडी लागते, लोहमार्गी.

सह्यकडा

मग आणखी पश्चिमेला पिएमोन्तेत का जात नाही? दिवाळीच्या सुमाराला आल्बाचा पांढऱ्या ट्रफलचा (जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी अळंब्याचा) मेळा चालू असतो, ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. लांगेच्या टेकड्यांवर द्राक्षांचे मळे पिवळे-तांबडे झालेले असतात. शेजारचं ब्रा हे कार्लो पेत्रिनींचं गाव, स्थानिक, पारंपरिक अन्न जपणारी स्लो फूडची चळवळ तिथली. अंड्यांच्या बलकांनी पिवळीधमक झालेली ताय्यारीन ही बारीक शेवई, वर लोणी आणि किसलेलं ट्रफल. सासूबाईंनाही चालेल, फक्त चीज नको म्हणून सांगायचं. बारोलोसारख्या गावांना स्टेशन नाही, त्यामुळे गाडीचा आग्रह तिथे खरा शोभेल.

लोहमार्गी

ब्रा आणि आल्बाला तोरिनोहून थेट लोकल आहे, एवढं नोंदवतो. ट्रफल ग्रॅमवर मोजून किसतात, भाव आधी विचारा. आणि एकाच सुट्टीत एमिलिया आणि पिएमोन्ते दोन्ही कोंबलंत तर अर्धी सुट्टी महामार्गावर टोल भरण्यात जाईल. एक निवडा.

पोकाठची

इथे लोहमार्गींशी सहमत. एकच निवडा, आणि मी एमिलियाच म्हणेन, कारण तुमच्या तारखांच्या थोडं आधी द्राक्षतोडणी होऊन बाल्सामिको या द्राक्षरसाच्या व्हिनेगरसाठी रस शिजवून झालेला असतो. बाल्सामिकोची पिंपं घराच्या माळ्यावर ठेवतात. उन्हाळ्यात तिथे भट्टी, हिवाळ्यात गारठा, आणि दोन्हीची त्याला गरज असते. मोठ्याकडून लहानाकडे अशी पिंपांची रांग असते. दरवर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडं काढतात आणि प्रत्येक पिंप त्याच्या मोठ्या शेजाऱ्यातून भरतात. 'त्रादित्सियोनाले' नावानं विकायला किमान बारा वर्षं लागतात, 'एक्स्त्राव्हेक्कियो'ला पंचवीस. दुकानातल्या स्वस्त बाटलीला साठ दिवसही पुरतात. त्यात ना चीज, ना चरबी. सासूबाईंना एका चमच्यात नुसतंच चाखायला द्या. भेट आधी ईमेलनं ठरवा, ही राहती घरं आहेत, अचानक दार वाजवू नये.

रानपाखरू

ठरलं, पिएमोन्ते या वेळी नाही. क्रेमोनाही सोडलं. मांतोव्हा सोडवत नाही, कारण ते भोपळ्याचे तोर्तेल्ली मला आणि नवऱ्याला खायचेच आहेत. शेतघर रेज्जो-मोदेनाच्या मधलं बघते. गाडी राहणार. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना या आठवड्यात काढतोय.

लोहमार्गी

मग निदान शेवटी मोदेनात गाडी परत करा आणि बोलोन्याला रेल्वेनं जा. तिथे तिचा काहीच उपयोग नाही. बाजाराच्या गल्ल्या पायीच फिरायच्या असतात, आणि त्या रात्री तरी चालकाला ग्लास भरून घेता येईल.

ताकभात

बोलोन्यात सासूबाईंसाठी काय, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.