स्नेहसंमेलनात माजी विद्यार्थ्यांनी नेमकं काय करावं?

कृष्णाकाठ
कराड तालुक्यातल्या आमच्या माध्यमिक शाळेचं गॅदरिंग जानेवारीत आहे. मंडप, साउंड, बक्षिसं असा सगळा खर्च यंदा आमची दहावीची २००३ ची बॅच करतेय. पैसे जमलेत. अडचण वेळेची आहे.

कार्यक्रम मैदानावर, म्हणजे रात्री दहाला स्पीकर बंद. पत्रिकेत सहा छापलं तरी पाहुणे येईपर्यंत सात होतात. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन आणि माजी विद्यार्थ्यांचे सत्कार. गेल्या वर्षी शाल-नारळ आणि मनोगतं उरकेपर्यंत नऊ वाजले. सातवीच्या मुलींचं भारूड शेवटी ठेवलं होतं, ते झालंच नाही. नऊवारी नेसून, मळवट भरून पोरी विंगेत ताटकळत उभ्या होत्या. त्यातल्या एकीची आई दिवसाची मजुरी बुडवून बघायला आली होती.

आता ग्रुपवर आमच्याच बॅचच्या सत्काराची तयारी चालू आहे. मी नको म्हटलं तर "तुला शाळेबद्दल काही वाटत नाही" असं ऐकावं लागलं. वाटतं म्हणूनच विचारतेय. बाकीच्या शाळांत हे कसं करतात?

रयतसेवक_निवृत्त
ताई, तुमचं बरोबर आहे, मागे हटू नका. रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत बरीच वर्षं सांस्कृतिक विभाग माझ्याकडे होता, त्या अनुभवावरून सांगतो.

सत्काराचा दिवस वेगळा काढा. आमच्याकडे २२ सप्टेंबरला संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती असते. मिरवणूक, लेझीम, भाषणं सगळं त्या दिवशी. जुनी मुलं त्या दिवशी गावी आली की त्यांचा मान तिथेच करायचो, म्हणून गॅदरिंगची संध्याकाळ पोरांसाठी मोकळी राहायची. तुमच्याकडे असा दिवस नसेल तर गॅदरिंगच्याच सकाळी दहावीच्या वर्गात बसा. जुन्या शिक्षकांना बोलवा, हजेरी घ्या, हवं तेवढं बोला.

संध्याकाळी तुमची खरी गरज मंचामागे असते. ड्रेपरीवाल्याकडून आलेले कपडे पाचवीच्या पोरांना ढगळ होतात, तिथे सेफ्टीपिना घेऊन दोघी-तिघी बसा. सगळी गाणी क्रम घालून एकाच पेनड्राइव्हवर घ्या आणि साउंडवाल्याकडे आदल्या दिवशी वाजवून बघा. पुढच्या तीन नाचांची पोरं रांगेत उभी करायला एक खमका माणूस लागतो. दोन नाचांच्या मधला वेळ तिथेच वाचतो. लहान वर्ग आधी घ्या, नऊनंतर ती पेंगतात.

आणि नाचात न घेतलेली पोरं शोधा. पडदा ओढणं, नेपथ्य उचलणं, घोषणा करणं, काहीतरी काम प्रत्येकाला मिळालं पाहिजे. ज्याला वर्षभर कुणी हाक मारत नाही, असा एखादा मुलगा पडद्याची दोरी धरून रात्रभर जागचा हलत नाही. मी हे दरवर्षी बघितलंय.

तुमच्याच तालुक्यातल्या काले गावी १९१९ साली कर्मवीर अण्णांनी ही संस्था सुरू केली. बोर्डिंगातल्या मुलांना जेवण मिळावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं. त्यांच्या तसबिरींना हार घालायचे आणि त्याच मंचामागे मुलींना ताटकळत ठेवायचं, हे मनाला पटत नाही.

पार्लेकरीण
मी पार्ले टिळक विद्यालयाची. आमची शाळा १९२१ ची आणि पु. ल. देशपांडे तिथले विद्यार्थी. हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. मंचावर जाताना तेवढं आठवलं तरी हुरूप यायचा, त्यासाठी कुणाचं भाषण लागलं नाही. तुमच्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो आणि आता ते काय करतात, हे मैदानाच्या वाटेवर लावा. येता-जाता सगळे वाचतील.

माणदेशी
सरांचं मान्य, पण सत्कार अगदीच काढू नका. आमच्या शाळेची एक मुलगी एसटीत कंडक्टर झाली. तिला खाकी गणवेशात मंचावर बघून नववीच्या मुली किती वेळ टाळ्या वाजवत होत्या! दुष्काळी गावातल्या मुलींना ते दिसायलाच हवं. फक्त तिला भाषण करायला लावलं नाही. लेझीमच्या संघाला ढाल तिच्या हस्ते दिली, दोन मिनिटांत झालं.

कृष्णाकाठ
माणदेशी, हे फार आवडलं. आमच्या बॅचमधली एक जण आशा सेविका आहे, गावातल्या निम्म्या घरांत तिचं जाणं-येणं. बक्षिसं तिच्याच हातून देऊ. सर, तुमचं उत्तर ग्रुपवर टाकलं. सकाळच्या हजेरीला बहुतेक जण तयार झालेत. दोघं अजून नाराज आहेत, त्यांच्याशी घरी जाऊन बोलते. पिना आणि मेकअपचं मी बघतेय. पण कराडात ड्रेपरी किती आधी सांगून ठेवावी?

रयतसेवक_निवृत्त
डिसेंबर उजाडला की लगेच. सगळ्या शाळांची गॅदरिंगं एकाच वेळी येतात आणि लहान मापाच्या नऊवाऱ्या आधी संपतात. मुलींची उंची लिहून घेऊन जा.