मदत हवी आहे: नोकरी सांभाळून कॉमर्स आणि समाजशास्त्र दोन्ही शिकायचंय (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, पूर्व भागात राहते. बारावी कॉमर्स झाल्या झाल्या कामाला लागले. सध्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. टॅली, ई-वे बिल, जॉब वर्कची चलनं, मजुरीचा हिशोब, सगळं माझ्याकडेच. आता पदवी करायची आहे. "कुठूनतरी ग्रॅज्युएट होऊन जा" असं सांगणारे भरपूर भेटतात, पण मला खरंच शिकायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईनं आयुष्यभर विड्या वळल्या. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा आणायचा, वळलेल्या विड्या जमा करायच्या, मजुरी हजारावर. मोजून घेणारा खराब म्हणून ज्या विड्या बाजूला काढतो त्या तिच्या हिशोबात धरत नसत, आणि पानं कमी भरली तर पदरचे पैसे घालून आणायची. आता मी ऑफिसात बसते तिथे टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांची मजुरी डझनावर निघते. सूत महाग झालं की कॉस्टिंगची शीट उघडली जाते. सुताचा भाव बाजारात ठरतो, विजेचा दर वरून येतो, गिऱ्हाईक टॉवेलचा भाव वाढवून देत नाही. मग शीटमध्ये हलवता येईल असा आकडा राहतो एकच, मजुरीचा. टॅलीत तर त्या सगळ्या बायका मिळून एक लेजर असतं, बस्स.

मला हे दोन्ही अंगांनी समजून घ्यायचंय. कारखाना टिकायला कॉस्टिंग कसं बसवतात, आणि घरी बसून काम करणाऱ्या बाईला भाव ठरताना तोंड का उघडता येत नाही. पहिलं बी.कॉम.ला शिकवतात, दुसरं समाजशास्त्र आणि अर्थशास्त्रात. एकाच पदवीत दोन्ही जमेल का?

माझी अडचण वेळेची. जीएसटीसाठी दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास मान वर करायला फुरसत नसते, मार्चअखेर तर विचारूच नका. दिवसाचं कॉलेज शक्य नाही. शाळा मराठी माध्यमाची, घरात तेलुगू. इंग्रजी वाचते, पण त्यात मोठी उत्तरं लिहायला अवघड जातं.

तीन प्रश्न:
नाशिकचं मुक्त विद्यापीठ की इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ)?
मध्येच वर्षभर थांबावं लागलं तर केलेलं वाया जातं का?
आणि एका क्लासवाल्यानं "एका वर्षात डिग्री, परीक्षेची काळजी आमची" असं सांगितलंय. मी जाणार नाहीच, पण माझ्या दोन मैत्रिणी पैसे भरायच्या बेतात आहेत. त्यांना काय दाखवू म्हणजे पटेल?

जाणकारांनी सांगा की, प्लीज.

प्रतिसाद: जुनीवही

ताई, आधी मैत्रिणींना थांबवा. दूरस्थ पदवीसाठी त्या संस्थेला त्या वर्षी, त्या अभ्यासक्रमासाठी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता लागते. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या म्हणजे डीईबीच्या साइटवर यादी असते, मोबाईलवर उघडून त्यांच्यासमोरच शोधा. शिवाय आता दूरस्थ प्रवेशाला डीईबी आयडी काढावा लागतो, तो विद्यार्थी स्वतः काढतो. तीन वर्षांची पदवी एका वर्षात देणारा कायदेशीर मार्ग नाही, हे एवढं एक वाक्य पुरे आहे. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी मात्र नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात. स्पर्धा परीक्षेला चालते, पुढे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं तरी चालते.

मुक्त विद्यापीठ की इग्नू, तर तुमच्या बाबतीत माध्यम हाच मुद्दा मोठा वाटतो. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे, नोकरदार आणि गृहिणींना सोयीचं आहे, बी.ए., बी.कॉम.ची पुस्तकं मराठीत मिळतात आणि अभ्यासकेंद्रं आपल्याकडच्या कॉलेजांतच आहेत. मी नोकरी करत तिथूनच बी.ए. केलं. पुस्तकं स्वतः वाचून समजावीत अशीच लिहिलेली आहेत. पण केंद्र नीट निवडा. काही ठिकाणी संपर्कसत्रं मनापासून घेतात, काही ठिकाणी नुसत्या सह्या होतात. फी भरण्याआधी एका रविवारी जाऊन वर्गात कोण शिकवतंय ते बघून या.

प्रतिसाद: पार्कचौक

मी कॉमर्स शिकवतो. वेळेचा हिशोब आधी मांडा, तुम्ही अकाउंट्समधल्या आहात म्हणून आकड्यांतच सांगतो. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. १३२ क्रेडिटची तीन वर्षांची पदवी धरली तर ३,९६० तास. तीन वर्षांत संपवायची तर आठवड्याला साधारण २५ तास लागतात, तुमच्या नोकरीत ते होणार नाही. पण हीच पदवी सहा वर्षांपर्यंत करता येते, मग आठवड्याला साडेबारा-तेरा तासांवर येतं. सकाळी दीड तास आणि रविवारची दुपार. तीन वर्षांचा हट्ट धरून अर्ध्यावर सोडणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत, म्हणून कळकळीनं सांगतोय. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात, म्हणजे तुमचा मार्च मोकळा राहतो. माध्यम मात्र मुख्यतः इंग्रजी किंवा हिंदी.

थांबण्याबद्दल: नवीन शैक्षणिक धोरणात मिळवलेली क्रेडिट्स अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाच्या ऑनलाइन खात्यात जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. त्याचा आयडी डिजिलॉकरमधून काढून ठेवा. विद्यापीठ कुठलंही घ्या, पण गुणपत्रिका आल्यावर क्रेडिट्स खात्यात चढली का ते स्वतः तपासा.

विषयांचं म्हणाल तर आता भिंती पूर्वीइतक्या पक्क्या नाहीत. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर म्हणजे मुख्य विषय कॉमर्स घेतला तरी ओपन इलेक्टिव्ह म्हणजे निवडीचा विषय दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावा लागतो. तरी माझं मत वेगळं आहे. कॉस्टिंगचा हात तुम्हाला कामातून बसलेला आहे, बी.कॉम.मधला बराच भाग तुम्ही रोज करता. जे कामावर कोणी शिकवणार नाही ते पदवीत घ्या: बी.ए.ला अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र. कॉस्ट अकाउंटिंगचा एखादा कोर्स सरकारच्या स्वयम या ऑनलाइन पोर्टलवर करा, तो शिकायला फुकट आहे, फी फक्त परीक्षेची.

प्रतिसाद: जुनीवही

सरांशी थोडी असहमत. कारखान्यात बढती मागायला गेल्यावर 'बी.कॉम.' हे दोन शब्द कामाला येतात. ताई, मालकाकडेच राहायचंय की पुढे बचत गट, कामगार संघटना, संस्था अशा कामाकडे वळायचंय, ते आधी ठरवा. पहिलं असेल तर बी.कॉम., दुसरं असेल तर सर म्हणतात ते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डीईबीची यादी आज जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींसमोर उघडली, त्या क्लासवाल्यानं सांगितलेलं नाव त्यात नाही. एकीनं पैसे भरायचं थांबवलंय, दुसरी घरी विचारून सांगणार आहे.

पार्कचौक सर, तुमचा तासांचा हिशोब वहीत लिहून घेतला. मला बायकांच्या कामाकडेच वळायचंय, हे लिहिता लिहिता स्पष्ट झालं. म्हणजे अर्थशास्त्र-समाजशास्त्र, मराठीतून, आणि घाई न करता.

आता एवढंच सांगा: मुक्त विद्यापीठातून हे दोन विषय एकत्र घेतलेलं सोलापुरात कोणी आहे का? कुठल्या केंद्रावर समाजशास्त्राची संपर्कसत्रं खरोखर होतात, आणि परीक्षा मार्चअखेरीच्या तोंडावर येतात का? केंद्राचं नाव इथे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येत्या रविवारी मी स्वतः जाऊन बघणार आहे.