एकच डायमेन्शन (माप) सहा ठिकाणी, ड्रॉइंगवर कसं लिहायचं?

नवा_ड्राफ्ट्समन:
नमस्कार मंडळी, ऑटोकॅडमध्ये (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) एका प्लेटचं ड्रॉइंग होतं, एका ओळीत ८ व्यासाचे सहा होल, दोन होलमधलं अंतर २०. आधी मी प्रत्येक गाळ्याला डायमेन्शन दिलं तर साहेब म्हणाले हे काय कोळ्याचं जाळं विणलंयस, मग बाकीची उडवली आणि उरलेल्या एकावर डबल क्लिक करून "६एक्स २०" (म्हणजे २० सहा वेळा) टाइप करून टाकलं, दिसायला एकदम झकास. नंतर पिच (दोन होलमधलं अंतर) २२ झाला, मी होल सरकवले, लाइनी हलल्या पण आकडा २० च राहिला आणि चेकिंगमध्येही कोणाला दिसलं नाही, पार्ट बनून आले तेव्हा बोंब झाली. तुम्ही लोक असली रिपीट डायमेन्शनं कशी देता? टीवायपी (टिपिकल, म्हणजे बाकीचंही असंच) लिहिलं तर चालतं का?

लेयर_झीरो:
आकडा हाताने टाइप केला की ते डायमेन्शन राहत नाही, नुसतं अक्षर होतं. खाली भूमिती कुठेही जाऊ दे, ते ढिम्म. डबल क्लिक केल्यावर मोजलेला आकडा वेगळ्या रंगाच्या पट्टीत दिसतो बघा, तो खोडायचाच नाही, होम दाबून कर्सर त्याच्या आधी न्यायचा आणि "६एक्स" आणि एक स्पेस टाकायची. चुकून खोडला गेला तर त्या जागी <> टाका, म्हणजे खरा आकडा परत येतो. प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराइडच्या रकान्यात "६एक्स <>" लिहिलं तरी तेच.

आणि एक, हे काम वाचवायला कोणी डायमेन्शन स्टाइलमध्ये प्रीफिक्स (आकड्याआधीचा मजकूर) म्हणून टाकू नका. त्या स्टाइलच्या सगळ्या डायमेन्शनांना ६एक्स लागतंच, वर डायमीटरचं ⌀ चिन्हसुद्धा गायब होतं, कारण तिथला प्रीफिक्स त्या चिन्हाची जागा घेतो. मी एकदा हा उद्योग केलाय, अख्खी शीट परत निस्तरावी लागली होती.

पेन्सिलवाला:
<> चं ठीक आहे पण भाऊ तुमचं ६एक्स २० मुळातच चूक आहे की! होल सहा, गाळे पाच. ५एक्स २० पाहिजे. ६ म्हटलं तर वाचणारा सातवा होल शोधत बसेल नाहीतर प्लेटच्या कडेपासून २० धरेल. होलच्या साइजला ६एक्स ⌀८, पिचला ५एक्स २०, आणि शेजारी कंसात एकूण १०० रेफरन्स (नुसतं माहितीसाठी) म्हणून द्या, म्हणजे गुणाकार जुळतोय का ते बघणाऱ्याला लगेच कळतं.

टीवायपीचं म्हणाल तर आम्ही बोर्डावर काढायचो तेव्हा सर्रास लिहायचो, पण त्यात किती ठिकाणी ते कळतच नाही. एकाच व्ह्यूमध्ये ८ चे सहा आणि ८.५ चे चार होल असले की डोळ्याला दोन्ही सारखेच, आणि टीवायपी नक्की कोणासाठी ते मशीनवाल्याने ठरवायचं? आताच्या एएसएमई वाय१४.५ (मापं कशी लिहायची त्याचं अमेरिकन स्टँडर्ड) मध्ये टीवायपी नाहीच, आकडा देऊन एक्स लिहायचा, आकडा आणि एक्समध्ये जागा नाही, एक्सनंतर एक स्पेस. फारच गिचमिड झाली तर होलना अ, ब अशी अक्षरं देऊन बाजूला होल टेबल काढा.

होल_बेसिस:
टॉलरन्सचं, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याचं, कोणी बोललंच नाही. ५एक्स २० म्हणजे साखळीच, डिमकंटिन्यूने (मापाला माप जोडत जाणारी कमांड) पाच वेगवेगळी दिली काय आणि एक लिहून पाच वेळा म्हटलं काय. प्रत्येक गाळ्याला ±०.२ असेल तर पहिल्या ते सहाव्या होलपर्यंत ±१.० चा खेळ झाला, आणि समोरच्या पार्टमध्ये तेच सहा बोल्ट बसायचे असतील तर शेवटचा बसणार नाही, मग हातोडी. बसणं महत्त्वाचं असेल तर एका कडेपासून डिमबेसलाइन किंवा डिमऑर्डिनेटने द्या, नाहीतर चौकटीतलं बेसिक डायमेन्शन (नेमकं माप, त्यावर वेगळा ± नाही) आणि पोझिशन टॉलरन्स (होल त्या जागेपासून किती सरकला तर चालेल ते). तेव्हा ५एक्स बिनधास्त चालतं, कारण चूक साठत नाही.

नवा_ड्राफ्ट्समन:
बापरे, गाळे पाच हे डोक्यातच आलं नव्हतं 🙈 <> करून बघितलं, होल हलवले की आकडा बदलतोय. पण जुन्या फायलींमध्ये मी असं किती ठिकाणी करून ठेवलंय देव जाणे, ते शोधायचं कसं?

लेयर_झीरो:
क्यूसिलेक्ट कमांड, अटीत बसणारं सगळं एकदम सिलेक्ट करते. ऑब्जेक्ट टाइप रोटेटेड डायमेन्शन (सरळ मापं), प्रॉपर्टी टेक्स्ट ओव्हरराइड, ऑपरेटर नॉट इक्वल, व्हॅल्यू रिकामी. डायमीटरवाल्यांसाठी टाइप बदलून परत एकदा. जे सिलेक्ट होतील त्यातली <> वाली सोडून द्या, बाकीची एकेक तपासा. पण एक्स्प्लोड केलेली असतील तर त्यात येणार नाहीत, ती आता साधी लाइन आणि टेक्स्ट झाली. लीडर (बाणाची रेघ) काढून हाताने ६एक्स ⌀८ लिहिलेलंही येणार नाही, लीडर काही मोजत नाही.

नवा_ड्राफ्ट्समन:
केलं. एका शीटवर अकरा निघाली, त्यातली दोन आत्ताच चुकीची आहेत. आणि एक्स्प्लोड कोणी केलं होतं ते आठवतंय मला, त्यामुळे ती नव्याने टाकायला बसलोय.