किवी पक्ष्याच्या जाती ३, ५ की ११? शाळेच्या तक्त्यासाठी नेमकी माहिती हवी

खाडीकाठ_मालवण

विज्ञान प्रदर्शनासाठी ‘न उडणारे पक्षी’ असा तक्ता करतोय. बाकीचं जमलं, किवीपाशी गाडी अडली. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात ३ जाती दिल्यात, नेटवर बहुतेक ठिकाणी ५, आणि एका लेखात ११ प्रकार. गणाचंही तेच. एकीकडे शहामृगाचाच गण लिहिलाय, दुसरीकडे निराळा.

आज कोणता आकडा धरायचा? ‘सर्वांत जवळचा नातलग मोआ’ (न्यूझीलंडचा नामशेष झालेला न उडणारा पक्षी) असं लिहिलं तर चालेल का? आणि आठवीच्या मुलांचा प्रश्न: पाणलावाही भातखाचरात अशीच लांब चोच चिखलात खुपसतो, मग तो आणि किवी एका गटात का नाहीत? फ्लेक्स छापायला टाकायचाय, म्हणून जरा घाई आहे.

---

दापोली_पक्षीनोंद

५ धरा, बिनधास्त.

आधी उतरंड. वर्ग पक्षी, गण आप्टेरिजिफॉर्मीस, कुल आप्टेरिजिडी, प्रजाती आप्टेरिक्स. आज जिवंत असलेल्या सगळ्या किवी याच एका प्रजातीत येतात. तुमच्या पुस्तकातला शहामृगाचा गण ही छपाईची चूक नव्हे. छातीच्या हाडावर उड्डाणाच्या स्नायूंसाठी लागणारा कंगोरा ज्यांना नाही, असे शहामृग, एमू, रिया, किवी हे सगळे पूर्वी एकाच गणात घालत. आता ते वेगवेगळ्या गणांत टाकतात. मात्र तक्ताभर एकच पद्धत ठेवा. किवीला नवा गण आणि एमूला जुना, असं झालं की परीक्षक नेमकं तेच बोट ठेवतात.

आता जाती, वर्णन झालेल्या वर्षाप्रमाणे:

आप्टेरिक्स ऑस्ट्रॅलिस, शॉ, १८१३. स्थानिक नाव टोकोएका. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा नैर्ऋत्य भाग आणि स्ट्युअर्ट बेट.
आप्टेरिक्स ओवेनी, गूल्ड, १८४७. छोटी ठिपकेदार किवी.
आप्टेरिक्स मँटेली, बार्टलेट, १८५२. उत्तर बेटाची तपकिरी किवी.
आप्टेरिक्स मॅक्सिमा, स्क्लेटर व हॉखश्टेटर, १८६१. आधीचं नाव हास्टी. मोठी ठिपकेदार किवी, माओरी नाव रोरोआ. दक्षिण बेटाचा वरचा अर्धा भाग.
आप्टेरिक्स रोवी, टेनिसन व सहकारी, २००३. ओकारितोच्या जंगलातली रोवी.

संशोधकांची नावं कंसात घालू नका. मूळ वर्णनानंतर जाती दुसऱ्या प्रजातीत हलवली असेल तरच नावाला कंस येतो. किवीच्या पाचही जाती पहिल्यापासून आप्टेरिक्समध्येच आहेत. हे फार जण चुकतात.

३ चा आकडा आला कुठून, तर सगळ्या तपकिरी किवी मिळून एकच जाती धरत. उत्तर बेटाची, दक्षिण बेटाची आणि स्ट्युअर्ट बेटाची या तिच्या उपजाती. शिवाय दोन ठिपकेदार, झाल्या ३. १९९० च्या दशकात रेणवीय, म्हणजे डीएनएसारख्या रेणूंच्या तपासण्या झाल्या, तेव्हा दिसलं की ओकारितोचे पक्षी दिसायला तपकिरी किवीसारखे असले तरी आनुवंशिकदृष्ट्या निराळे आहेत. उत्तर बेटाची किवीसुद्धा टोकोएकापासून बरीच आधी फुटलेली निघाली. एका जातीच्या ३ झाल्या, म्हणून एकूण ५.

---

देवगड_सडा

बरो प्रश्न. वर सगळं आलंच आहे, मी फक्त ओळख आणि मापं यांचं सांगतो, कारण तक्त्यावर गोंधळ होतो तो तिथे.

ठिपकेदार म्हणतात खरं, पण अंगावर ठिपके कमी आणि राखाडी-पांढरे आडवे पट्टे जास्त. लहान आणि मोठी यांतला फरक नुसत्या फोटोवरून कळत नाही, वजन लिहा. छोटीचा नर सुमारे १.१ किलो, मादी १.३. मोठीचा नर २.४ च्या आसपास, मादी ३.३ किलो. उत्तर बेटाची तपकिरी किवी नर २.२, मादी २.८. सगळ्या जातींत मादी मोठी, त्यामुळे ‘सरासरी वजन’ असा एकच रकाना ठेवू नका, दोन करा.

तपकिरी गटात उत्तर बेटाच्या किवीची पिसं हाताला टोकदार, खरखरीत लागतात. टोकोएकाची त्यामानाने मऊ. रोवीवर करडी झाक असते आणि काहींच्या तोंडाजवळ पांढरी पिसं दिसतात. सगळ्यांत दिसतील असं मात्र लिहू नका.

चोचीच्या लांबीत एक गंमत आहे. नाकपुडीच्या पुढच्या कडेपासून टोकापर्यंत चोच मोजायची एक रूढ पद्धत आहे. किवीच्या नाकपुड्या चोचीच्या टोकालाच असतात! त्या हिशेबाने जगातली सर्वांत आखूड चोच किवीची ठरेल. म्हणून किवीची चोच मुळाशी असलेल्या मऊ कातडीच्या कडेपासून मोजतात. आकडे दोन ठिकाणांहून उचलणार असाल तर दोन्हीकडे एकच पद्धत आहे ना, ते बघून घ्या.

‘पंख नाहीत’ हेही खोडा. आहेत, जेमतेम ५ सेंमीचे, टोकाला नखी असलेले, पिसांखाली दडलेले. शेपूट मात्र खरंच नाही.

---

गुहागर_किनारा

मोआ लिहू नका.

मोआ आणि किवी दोघेही न्यूझीलंडचे, म्हणून शेजारी ते भाऊ असा समज होता. डीएनए वेगळंच सांगतो. मोआचे जवळचे नातलग दक्षिण अमेरिकेतले टिनामू, आणि ते चक्क उडतात. किवीचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे मादागास्करचा नामशेष हत्तीपक्षी. जुन्या हाडांतल्या डीएनएवरून हे २०१४ मध्ये पुढे आलं. त्याआधी एमू आणि कॅसोवरीचं नाव घेत. ते अगदीच टाकाऊ नाही, जिवंत पक्ष्यांपुरतं बोलायचं तर आजही तेच सर्वांत जवळचे.

मादागास्कर आणि न्यूझीलंड यांच्यामध्ये केवढा समुद्र, मग नातं जुळलं कसं? पूर्वज उडत होते, असं मानल्याशिवाय हे कोडं सुटत नाही. त्याला पूरक पुरावा दक्षिण बेटावरच्या सेंट बाथन्सचा. तिथे मायोसीन काळातल्या, म्हणजे साधारण २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या प्रोआप्टेरिक्स या छोट्या पक्ष्याची हाडं मिळाली, वर्णन २०१३ चं. आकारावरून तो बहुधा उडत असावा. म्हणजे उडणं आधी गेलं आणि मग बेटं वेगळी झाली, असं सरळ नाही. वेगवेगळ्या ठिकाणी उतरलेल्या पूर्वजांचं उडणं आपापल्या जागी सुटलं.

आठवीच्या मुलांचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, आणि निरीक्षण बरोबरच आहे. पाणलावा, तुतवार आणि किवी यांच्या चोचीच्या टोकाला हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब आणि कंप टिपणाऱ्या चेतापेशी. गांडूळ हललं की चोचीला कळतं. पण वर्गीकरण करताना एकट्या चोचीकडे बघून भागत नाही. पाणलाव्याच्या टाळूची रचना बहुसंख्य पक्ष्यांसारखी, किवीची शहामृग-टिनामू गटासारखी. ही चोच दोन वंशांत स्वतंत्रपणे घडली. वटवाघूळ आणि कावळा दोघे उडतात म्हणून एका वर्गात घालत नाही, तसंच. शिवाय पाणलावा वास घेत बसत नाही, किवी घेतो. टोकाच्या नाकपुड्या त्यासाठीच.

---

खाडीकाठ_मालवण

सर्वांचे आभार. ११ चं राहिलं. ‘५ जाती, ११ उपजाती’ असं लिहू का?

---

दापोली_पक्षीनोंद

नको, ते चुकेल. ११ हा आकडा २०१६ च्या जनुकीय अभ्यासातला. ते आज जिवंत असलेले वेगळे वंश, त्यांतल्या बहुतेकांना उपजाती म्हणून रीतसर नावं दिलेली नाहीत. हिमयुगांत जंगलाचे तुकडे पडले, किवींचे गट एकमेकांपासून तुटले आणि प्रत्येकाची वाट वेगळी झाली. टोकोएकाचेच हास्ट, उत्तर फियोर्डलंड, दक्षिण फियोर्डलंड आणि स्ट्युअर्ट बेट असे ४ गट संवर्धनाच्या कामात वेगळे ठेवतात. उत्तर बेटाच्या तपकिरी किवीचेही ४: नॉर्थलंड, कोरोमंडेल, पूर्व आणि पश्चिम. कारण व्यवहाराचं आहे. एकीकडचं अंडं उबवून पिल्लू भलतीकडे सोडलं की वंश मिसळतात, आणि एकदा मिसळले की निवडून काढता येत नाहीत. याउलट छोटी ठिपकेदार. १९१२ मध्ये कापिती बेटावर नेलेल्या ५ पक्ष्यांपासूनच आजचे जवळजवळ सगळे आले, त्यामुळे तिच्यात आनुवंशिक वैविध्य फार थोडं.

‘५ मान्य जाती, जनुकीयदृष्ट्या ११ वेगळे वंश’ एवढं पुरे.

---

देवगड_सडा

छापायला देण्याआधी एक. शास्त्रीय नावं रोमन लिपीत आणि तिरक्या अक्षरांत हवीत, प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान. गण आणि कुल सरळ अक्षरांत. फ्लेक्सवाले मजकूर बऱ्याचदा जुन्या मराठी फॉन्टमध्ये घेतात आणि रोमन नावांचा चिवडा होतो. म्हणून वर्ड फाइल देऊ नका, पीडीएफ द्या, आणि प्रूफवर त्या पाच ओळी अक्षर-अक्षर तपासा. ओवेनीच्या शेवटी रोमनमध्ये दोन आय आहेत. दुकानात कोणीतरी ‘चूक सुधारून’ एक उडवतोच.