ऐरोली पुलावरच्या परग्रही यानावर सुखोईतून रेलगन: आकडे कुठे फसतात?

खाडीकाठ
विज्ञानकथेतलं शस्त्र आहे, पण आकडे थापेबाज नकोत. यान ऐरोली पुलाच्या वर 12 किमी उंचीवर स्थिर उभं आहे. सुखोई-30 एमकेआयच्या पोटाखाली रेलगनचा (दारूऐवजी विजेच्या जोरावर दोन रुळांमधून गोळा फेकणाऱ्या तोफेचा) पॉड, गोळा 500 ग्रॅमचा, वेग सेकंदाला 2 किमी, दर पाच सेकंदांनी एक बार, अंतर 3 किमी. वजन, वीज, धक्का यांत काय अडेल? ‘रेलगनच नको’ हे उत्तर कृपया देऊ नका.

वीजगणित
पाच सेकंदांवर आधी फुली मारा.

500 ग्रॅमला 2 किमीचा वेग म्हणजे 1 मेगाज्यूल. कार्यक्षमता 25 टक्के धरली तर साठा 4 मेगाज्यूलचा हवा. पल्स कपॅसिटर (वीज साठवून एका झटक्यात सोडणारे) खोकं-जोडण्यांसकट किलोमागे 1 किलोज्यूल धरा, म्हणजे नुसते कपॅसिटरच 4 टन. हवेतून सोडायचं ब्रह्मोस 2.5 टनांचं आहे आणि तेवढ्यासाठीही विमानात मजबुतीकरण करावं लागलं. तीच तुमची मर्यादा.

म्हणून नळीतून सुटणारं एकूण वजन 200 ग्रॅमवर आणा: टंगस्टनचा बाण 120, उरलेले 80 आर्मेचर (दोन रुळांना जोडून प्रवाह वाहणारा, बाणाला ढकलणारा तुकडा) आणि बाणाला धरून ठेवणाऱ्या कवचाचे. साठा 1.6 मेगाज्यूल, कपॅसिटर 1.6 टन. रूळ, स्विच, चार्जर यांना 900 किलो उरतात, ओढूनताणून बसेल. विमानाच्या जनरेटरमधून 40 किलोवॅट मिळाले तर बारामागे 40 सेकंद, चार्जरमधला तोटा वेगळा.

3 मीटरच्या नळीत बाण 3 मिलिसेकंद असतो. सरासरी जोर 133 किलोन्यूटन, म्हणजे साडेतेरा टन. त्यासाठी प्रवाह सुमारे सव्वासात लाख अँपिअर. कथेत ‘हजारो अँपिअर’ लिहिलंत तर जाणकार हसतील.

वागळे_इस्टेट
वरचा हिशोब बरोबर, पण पॉड पहिल्याच उड्डाणात मरेल तो वेगळ्या कारणाने. 12 किमीवर हवेचा दाब जमिनीच्या पाचवा हिस्सा. जमिनीवर 10 किलोव्होल्ट निवांत पेलणारं अंतर तिथे ठिणगी टाकतं. कपॅसिटरचा कप्पा सीलबंद करा, आत सल्फर हेक्झाफ्लोराइड (ठिणगी रोखणारा वायू) भरा आणि दाबाचा सेन्सर चार्जरला जोडा. गळती झाली की चार्जिंग बंद. (कथेला ऐनवेळचा घोळ हवा असेल तर हाच घ्या, अगदी खरा आहे.)

दुसरं, रूळ. ॲल्युमिनियमचं आर्मेचर वितळून तांब्याच्या रुळांवर थर धरतं, संपर्क तुटला की आर्क (विजेची जळती ठिणगी) होतो, आर्कने खड्डे पडतात. पुढचा बाण त्यात अडखळतो. अमेरिकन नौदलाने 2010 मध्ये 33 मेगाज्यूलचा बार करून दाखवला आणि 2021 मध्ये प्रकल्प थांबवला. नळीचं आयुष्य ही तिथलीही मोठी डोकेदुखी. तुमच्या वैमानिकाला एका उड्डाणात पाच-सहा बार द्या, जास्त नकोत.

पॉड दोन इंजिनांच्या मधेच टांगा. पंखाखाली टांगलात तर प्रत्येक बाराला नाक बाजूला वळेल. आणि बाणाचे पंख ॲल्युमिनियमचे नकोत. एवढ्या वेगाला पुढच्या कडेशी अडणारी हवा 2000 केल्विनच्या वर जाते.

नेरुळकर
मनाई आहे तरी बोलतो. सुखोईतली 30 मिमीची तोफ 390 ग्रॅमचा गोळा सेकंदाला 860 मीटरने फेकते, मिनिटाला 1500 या गतीने. एका सेकंदात 3.6 मेगाज्यूल! तुमचा 200 ग्रॅमचा बार 0.4 मेगाज्यूलचा. म्हणजे नुसती ऊर्जा दाखवायची तर रेलगन हरते. फक्त 150 गोळे सहा सेकंदांत संपतात आणि 3 किमीवर ते मंदावून विखुरलेले असतात. रेलगनचा बाण तिथे दीड-पावणेदोन सेकंदांत पोचतो आणि सगळा जोर एका सेंटिमीटरच्या भोकावर काढतो. तेव्हा यानाचं कवच जाड आणि एकच नाजूक जागा, असं लिहा. तरच शस्त्र शोभेल.

खाडीकाठ
पटलं. मग 1985 सारखं एफ-15 वरून सोडलेलं उपग्रहभेदी क्षेपणास्त्र का नको?

नेरुळकर
13 सप्टेंबर 1985 ला त्याने 555 किमीवरचा सोलविंड हा अमेरिकेचाच उपग्रह फोडला, स्फोटकाशिवाय. पण टकरीतला बहुतेक वेग उपग्रहाचा स्वतःचा होता. ऐरोलीवर उभं असलेलं यान तो फुकट देणार नाही.

वागळे_इस्टेट
मारा पूर्वेकडून पश्चिमेकडे, नाक वर धरून करा. चुकलेला बाण मुंबईवरून जाऊन समुद्रात पडेल. उलट केलंत तर डोंबिवली-बदलापूरकडे.