मुंबई ते गोवा किनाऱ्याने: वाटेत जुनी पुस्तकं कुठे मिळतील?

कागदकिडा: मंडळी, डिसेंबरात मुंबईहून गोव्याला कारने जायचंय, पण हायवेने अजिबात नाही, समुद्राला धरून रमतगमत, आवडेल तिथे मुक्काम. मी आणि बायको दोघंच, दोघांनाही जुन्या पुस्तकांचं वेड. अलिबाग, मुरूड, दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवण या पट्ट्यात जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत का? नेटवर शोधलं तर शाळेच्या वह्या-पुस्तकांचीच दुकानं येतायत. कथासंग्रह, प्रवासवर्णनं, जुने दिवाळी अंक, काहीही चालेल.

रद्दीसम्राट: स्पष्ट सांगू का, मुंबईत फोर्टला फुटपाथवर जुनी पुस्तकं विकतात तसं काही कोकणात शोधत फिरलात तर हिरमोड होईल. ज्यांच्या घरी पुस्तकं होती ती माणसं मुंबई-पुण्याला गेली, मागे राहिलेलं अर्धं कसरीने (पुस्तकं खाणाऱ्या किडीने) खाल्लं आणि अर्धं पावसाळ्यातल्या दमट हवेने. त्यामुळे खरेदी दोन टोकांना ठेवा, निघताना मुंबईत फोर्टचं फाउंटन किंवा माटुंग्याचं किंग्ज सर्कल, आणि शेवटी गोवा. मधे रद्दीवाले मात्र सोडू नका, दिवाळीची साफसफाई होऊन गेलेली असते, चिपळूण-रत्नागिरीत गठ्ठे पडलेले असतात. किलोवर देतात, फक्त गठ्ठा सोडायला सांगितलं की कपाळाला आठ्या पडतात त्यांच्या, आधी चहा सांगा.

देवगडचो_झील: दुकानं नाहीत म्हणून कोकणात पुस्तकंच नाहीत असं कसं म्हणता राव? रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. विकत नाही मिळणार, पण बसून चाळता येतं आणि ग्रंथपालांशी नीट बोललात तर गप्पांत दुपार जाते. निर्लेखित, म्हणजे यादीतून काढून टाकलेली, पुस्तकं कधी विक्रीला काढतात का तेही विचारा, विचारायला काय जातंय. गणपतीपुळ्याला जाणारच असाल तर शेजारी मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, आणि देवगड तालुक्यात पोंभुर्ले, 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. एकच सांगतो, भर दुपारी पोचू नका, जेवणाच्या वेळी इकडे बरंच काही बंद असतं आणि कोणाला घाई पण नसते 😄

जेटीवरचा: रूटचं मी सांगतो. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) गाडीसकट मांडवा, मग आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळीकडे फेरीबोटीत कार चढते. घाट-वळणं बरीच वाचतात. पण संध्याकाळच्या शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका, चुकली तर लांबचा वळसा पडतो, आणि वेळा बदलत असतात म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. पेट्रोल मोठ्या गावात भरून निघा.

म्हापशेकार: गोव्यात आलात की कळंगुटला लिटराटी आहे, जुन्या घरातच दुकान, नवी-जुनी दोन्ही पुस्तकं, पण इंग्रजीच जास्त. किनाऱ्यावरच्या गेस्टहाउसांच्या शेल्फांवर पण नजर टाका, पर्यटक वाचून झालेली पुस्तकं तिथेच टाकून जातात, रशियन, जर्मन सगळी सरमिसळ. आणि पणजीला पाट्टोवर सेंट्रल लायब्ररी बघाच, १८३२ ची, म्हणजे 'दर्पण' निघालं त्याच साली. मराठी विभाग पण आहे.

कागदकिडा: वा, खूपच उपयोगी. मग वाचनालयांसाठी रत्नागिरीत दोन रात्री ठेवतो. @रद्दीसम्राट, रद्दीतलं पुस्तक घेताना बघायचं काय? गेल्या वेळी घरी आणलेल्या एकाने अख्ख्या कपाटाला कसर लावली.

रद्दीसम्राट: पुठ्ठा आणि पाठीच्या मधली फट उघडून बघा, कसर तिथेच बसते. मग मधलं पान वाकवून बघा, काटकन तुटलं तर कागद संपलाय, कितीही दुर्मिळ असो सोडा. पिवळेपणा चालतो, काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास आला तर बुरशी, ते बाकीच्यांत मिसळू नका. आणि प्लॅस्टिकमध्ये करकचून बांधून डिकीत टाकू नका, किनाऱ्याच्या दमट हवेत आतच घाम धरतो. खोक्यात वर्तमानपत्र पसरून उभी लावा, मुक्कामाला पोचलात की खोकं खोलीत न्या, पंख्याखाली उघडं ठेवा. घरी गेल्यावर थोडे दिवस वेगळी ठेवून मगच कपाटात.