मदत हवी आहे: इन्सुलिनच्या उसळीला ताल कोण देतं?

नमस्कार. मी जीवशास्त्र शिकवते. पुढच्या आठवड्यात स्वादुपिंड घ्यायचंय आणि एका ठिकाणी पार अडकले आहे.

एका बीटा पेशीपुरतं (म्हणजे स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीपुरतं) नीट कळलंय. ग्लुकोज आत शिरतं, त्यातून एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) वाढतं, त्यामुळे पोटॅशियमच्या वाहिन्या मिटतात. पेशीच्या आवरणावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, आणि इन्सुलिनने भरलेल्या इवल्या पिशव्या आवरणाला चिकटून बाहेर रित्या होतात. मग कॅल्शियम ओसरतं, पेशी जरा शांत होते, पुन्हा तेच. लँगरहान्सच्या एका बेटातल्या, म्हणजे स्वादुपिंडातल्या अशा पेशींच्या एका छोट्या समूहातल्या, पेशी कनेक्झिन-३६ या प्रथिनाच्या जोडमार्गांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून सगळं बेट एकत्र चालतं, हेही पटतं.

पण माणसात अशी सुमारे १० लाख बेटं आहेत, एकमेकांपासून सुटी! तरी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत साधारण दर ५ मिनिटांनी इन्सुलिनची उसळी येते. प्रत्येक बेट आपल्याच वेळेने चाललं असतं, तर चढउतार एकमेकांत मिसळून सपाट रेघ उरली असती ना? मला वाटलं, मेंदू ताल देत असेल. पण शरीराबाहेर काढलेलं, नसा तुटलेलं स्वादुपिंडही हेच करतं. हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. कुणी यंत्रणा समजावून सांगेल का?

प्रतिसाद:
बाहेरच्या नसा तुटल्या तरी स्वादुपिंडाच्या आत चेतापेशींचे छोटे पुंजके राहतातच. बेटांना तेच जुळवत असावेत, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. शरीरात यकृताचाही हात असू शकतो. इन्सुलिनची उसळी पोचली की यकृत साखर कमी सोडतं, रक्तातली साखर किंचित उतरते, आणि ते सगळ्या बेटांना एकदमच कळतं. प्रयोगात साखरेची हलकी लाट दिली तर बेटं तिच्या तालावर येतात. बाहेर काढलेल्या स्वादुपिंडाला मात्र यकृताची सोबत नाही, तिथे पुंजक्यांचाच विचार करावा लागतो.

मुलांना हेही जरूर सांगा: टाइप २ मधुमेहात हा ताल विस्कटतो. १९८८ च्या एका अभ्यासात तर रुग्णांच्या, मधुमेह न झालेल्या, सख्ख्या नातलगांतही तो बिघडलेला आढळला.

धागाकर्ती:
मनापासून आभार, यकृताचं लक्षातच आलं नव्हतं. आता एवढंच विचारते: ते पुंजके स्वतः ठेका धरतात, की बेटांचे आपापले ठेके फक्त जुळवून घेतात?